डोळ्यातला मेलानोमा यकृतच का गाठतो?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की त्वचेच्या कॅन्सरवरचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. सनस्क्रीन लावा, नाहीतर मेलानोमा, म्हणजे रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, होईल, असा त्यांचा सूर असतो. उन्हाची काळजी घ्यावीच, उष्माघात काही खोटा नाही. पण विदर्भातल्या सावळ्या कातडीला उन्हामुळे मेलानोमा होण्याचा धोका फार थोडा आहे. भारतात लाख लोकांमागे वर्षाला एकाहूनही कमी जणांना हा आजार होतो. ऑस्ट्रेलियात हाच आकडा तीसच्या वर जातो. आपल्याकडे मेलानोमा सापडतो तो बरेचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा तोंडा-नाकाच्या आतल्या अस्तरात, म्हणजे जिथे ऊन फारसं पोचतच नाही अशा जागी. याहूनही विरळा असा एक प्रकार डोळ्याच्या आत होतो.

इतका कमी होणारा आजार, तरी डॉक्टर त्याला वचकून असतात. तळपायावरच्या सेंटिमीटरभर डागाने कुणी मरत नाही. त्या डागातून निघालेल्या पेशी फुप्फुसात, मेंदूत किंवा यकृतात जाऊन वाढू लागल्या की जीव जातो. म्हणून खरा प्रश्न असा की पेशी आपली जागा सोडते कशी, आणि दुसरीकडे जाऊन बसते कशी. या दोन्हीच्या मुळाशी पेशीच्या पृष्ठभागावरचे काही रेणू आहेत. त्यांना आसंजन रेणू म्हणतात. पेशीला शेजारच्या पेशीशी किंवा भोवतालच्या तंतूंच्या जाळ्याशी धरून ठेवणं हे त्यांचं काम.

हे रेणू म्हणजे पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली प्रथिनं. बाहेरच्या टोकाने ती शेजाऱ्याला धरतात. आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला आणि संदेश वाहणाऱ्या प्रथिनांना जोडलेलं असतं. त्यामुळे पकड बदलली की आत निरोपही बदलतो: वाढ, थांब, सरक, मर. बहुतेक साध्या पेशी त्यांच्या जागेवरून सुटल्या तर आपोआप मरतात, कारण ‘मला कुणीतरी धरलंय’ हा निरोप आत पोचेनासा होतो. कॅन्सरच्या पेशीला फिरायचं तर आधी या मरणातून सुटावं लागतं.

यातली दोन घराणी आपल्या कामाची. पहिलं कॅडहेरिन. हे पेशीला पेशीशी जोडतं आणि त्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं; कॅल्शियम काढून घेतलं की पेशी सुट्या होतात. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी क्योटोत या रेणूंचा छडा लावला. कॅडहेरिन सहसा आपल्याच जातीच्या कॅडहेरिनला धरतं, ई-कॅडहेरिन ई ला, एन-कॅडहेरिन एन ला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. दुसरं घराणं इंटेग्रिन. हे पेशीला भोवतालच्या जाळ्याशी बांधतं. रिचर्ड हाइन्स यांनी १९८६ मध्ये त्याला हे नाव दिलं. त्याआधी १९८४ मध्ये एर्की रुओस्लाती आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं होतं की जाळ्यातल्या प्रथिनावरची फक्त तीन अमिनो आम्लांची एक साखळी पेशीला धरायला पुरते. हाइन्स, रुओस्लाती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना या शोधांसाठी २०२२ चा लास्कर पुरस्कार, वैद्यकीय संशोधनातला एक मोठा सन्मान, मिळाला.

मूळची फिरस्ती पेशी

मेलानोमा होतो तो त्वचेला, केसांना, डोळ्यांना रंग देणाऱ्या मेलानोसाइट पेशींचा. आपण त्यांना रंगपेशी म्हणू. या पेशी त्वचेत जन्मत नाहीत. गर्भ काही आठवड्यांचा असताना, पाठीकडे जिथे मज्जारज्जू घडत असतो तिथल्या काठावरून त्यांचे पूर्वज निघतात आणि शरीरभर सरकत जातात. काही त्वचेत पोचतात, काही डोळ्यात, काही आतल्या कानात, तर काही मेंदूच्या आवरणात. या प्रवासात त्यांच्या अंगावरची कॅडहेरिनं बदलत जातात. उंदराच्या गर्भात हे नीट दिसलं आहे: बाह्यत्वचेत थांबणाऱ्या रंगपेशींवर ई-कॅडहेरिन येतं, केसाच्या मुळाशी उतरणाऱ्यांवर पी-कॅडहेरिन. थोडक्यात, जागा सोडणं आणि दूर जाऊन रुजणं या पेशीला अनोळखी नाही. मेलानोमा इतक्या लवकर का पसरतो, याचं निम्मं उत्तर मला या जन्मकथेतच दिसतं.

त्वचेत: संगत बदलते

बाह्यत्वचेच्या तळाशी एक रंगपेशी साधारण तीस-पस्तीस केराटिनोसाइटांच्या संपर्कात असते. केराटिनोसाइट म्हणजे कातडीच्या नेहमीच्या पेशी. रंगपेशी आपल्या फांद्यांतून त्यांना रंगाचे कण पुरवते आणि ई-कॅडहेरिनने त्यांना धरून असते. हे धरणं एकतर्फी नाही. केराटिनोसाइट याच पकडीतून रंगपेशीला आवरून ठेवतात. किती वाढायचं, कुठे बसायचं हे ठरवतात.

मेलानोमा वाढताना रंगपेशीवरचं ई-कॅडहेरिन कमी होतं आणि एन-कॅडहेरिन वाढतं. केराटिनोसाइटांकडे धरण्याजोगं एन-कॅडहेरिन नसतं, त्यामुळे तो धाक सुटतो. पण खालच्या थरातल्या, तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींकडे आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींकडे ते असतं. म्हणजे पेशी नुसती सैल झालेली नसते, तिची संगत बदललेली असते. वरच्या शेजाऱ्यांना सोडून ती खालच्यांना धरते, आणि खालचे शेजारी तिला जगण्याचे निरोप देतात. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत मीनहार्ड हर्लिन यांच्या गटाने मेलानोमाच्या पेशींत ई-कॅडहेरिन पुन्हा घातलं, तेव्हा त्या पेशी केराटिनोसाइटांच्या आवाक्यात परत आल्या आणि त्यांचं खोल घुसणं कमी झालं.

दुसरा बदल इंटेग्रिनचा. मेलानोमा सुरुवातीला बाह्यत्वचेत आडवा पसरतो, मग खाली उतरू लागतो. १९९० मध्ये दिसून आलं की अल्फा-व्ही-बीटा-३ नावाचं इंटेग्रिन आडव्या टप्प्यात जवळजवळ नसतं आणि खाली उतरणाऱ्या पेशींवर मात्र दिसतं. हे इंटेग्रिन जाळ्याला धरतंच, शिवाय जाळं कापणारं एक विकर (एन्झाइम) आपल्याजवळ ओढून घेतं. धरायचं, कापायचं, पुढे सरकायचं. एमसीएएम हा तिसरा रेणू. निरोगी रंगपेशीवर तो सहसा नसतो. डाग जसा जाड होतो तसा तो वाढतो. न पसरणाऱ्या मेलानोमाच्या पेशींत तो घातला, तर त्या उंदरात पसरू लागल्या.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘ब्रेस्लो जाडी’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ आता लागेल. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी मांडलं की डागाच्या रुंदीपेक्षा त्याची मिलिमीटरमधली खोली जास्त बोलकी आहे. १ मिलिमीटरपेक्षा पातळ डाग वेळेवर काढला तर बहुतेक माणसं बरी होतात. खोली वाढते तसा पेशींना अंतस्त्वचेतल्या लसीकावाहिन्यांचा (लिम्फ वाहणाऱ्या नळ्यांचा) आणि रक्तवाहिन्यांचा शेजार मिळतो. लसीकेतून गेलेल्या पेशी आधी जवळच्या गाठीत थांबतात. पाय असेल तर जांघेत, हात असेल तर काखेत. म्हणून त्वचेच्या मेलानोमात सर्जन आधी ती पहिली गाठ काढून तपासतात. ही पद्धत डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये रूढ केली.

डोळ्यात: तोच रेणू, उलटा अर्थ

डोळ्याच्या पडद्यामागे, म्हणजे रेटिनाच्या मागे, कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर असतो. डोळ्याच्या आतले बहुतेक मेलानोमा तिथेच होतात. (बुबुळाच्या रंगीत भागातलेही होतात, पण ते लवकर दिसतात आणि सहसा कमी घातक असतात.) पाश्चात्त्य देशांत हा आजार साधारण साठीच्या आसपास होतो, आपल्याकडचे रुग्ण त्याहून तरुण असतात.

कोरॉइडमध्ये केराटिनोसाइट नसतात. तिथली रंगपेशी तंतूंच्या आणि वाहिन्यांच्या गर्दीतच राहते. सोडून जावं असं केराटिनोसाइटांचं बंधन तिथे नाहीच. दोन्ही आजारांना मेलानोमा म्हणतात म्हणून ते एकच समजणं चूक आहे, हे जनुकांतूनही दिसतं. त्वचेच्या मेलानोमात निम्म्याच्या आसपास रुग्णांत बीरॅफ जनुकात बिघाड असतो, जो २००२ मध्ये सापडला. डोळ्यात तो जवळपास नसतो. तिथे जीएनएक्यू किंवा जीएनए-११ हे जनुक बिघडलेलं असतं. त्यातले जे मेलानोमा गुणसूत्र ३ ची एक प्रत गमावतात आणि उरलेल्या प्रतीवरचं बॅप-१ जनुकही बिघडवून घेतात, ते पसरण्याचा धोका फार मोठा.

या धोक्याच्या गाठींत एक कोडं दडलेलं आहे. त्यांच्यावर ई-कॅडहेरिन कमी नसतं, वाढलेलं असतं. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये विल्यम हार्बर यांच्या गटाने डोळ्याच्या मेलानोमाचे, जनुकं कशी चालतात यावरून, दोन वर्ग पाडले. दुसरा, घातक वर्ग अस्तरपेशींसारखा (त्वचेचे आणि अवयवांचे थर बनवणाऱ्या पेशींसारखा) वागतो, आणि ई-कॅडहेरिन त्यात जास्त आहे. या संशोधनातून निघालेल्या चाचणीत वर्ग ठरवायला जी १२ जनुकं मोजतात, त्यांत ई-कॅडहेरिनचं जनुकही आहे. त्वचेत जे कमी झालं की धास्ती, तेच डोळ्यात वाढलं की धास्ती.

त्वचेच्या धड्यावरून ‘ई-कॅडहेरिन चांगलं, एन-कॅडहेरिन वाईट’ असं पाठ करून ठेवलेल्यांची इथे फजिती होते. रेणू चांगला-वाईट नसतो. तो कुठे आहे आणि तिथे त्याला धरायला कोण आहे, त्यावर सगळं. यकृताच्या पेशी अस्तरपेशी आहेत आणि त्यांच्यावर ई-कॅडहेरिन भरपूर असतं. डोळ्यातून सुटलेली, ई-कॅडहेरिन अंगावर घेतलेली पेशी तिथे पोचली तर तिला धरायला कुणीतरी हजर आहे. यकृताच्या ओढीचं एक कारण हे असावं, असं मानायला जागा आहे.

पण आधी यकृताची ती ओढ किती आहे ते पाहा. डोळ्याच्या मेलानोमाचे जवळजवळ निम्मे रुग्ण कधी ना कधी पसरलेल्या आजाराला सामोरे जातात आणि त्यांतल्या सुमारे ९० टक्क्यांत यकृतात गाठी असतात. लसीकावाहिन्या डोळ्याच्या आत नसल्याने पेशींना रक्तातूनच जावं लागतं. आता रक्ताची वाट बघा. डोळ्यातून निघालेलं रक्त मानेतल्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून आधी फुप्फुसात जातं. फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्या पार केल्यावरच ते डाव्या बाजूला येऊन सगळ्या शरीरात वाटलं जातं, त्यातला एक हिस्सा यकृताच्या धमनीला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं समजण्यासारखं आहे, आतड्याची शीर थेट यकृतातच उघडते. डोळ्याची नाही. वाटेत पहिलं लागतं ते फुप्फुस. तरीही पेशी ते ओलांडून यकृतात रुजतात.

लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पाहून हेच म्हटलं होतं: बी सगळीकडे उडतं, पण उगवतं ते मानवणाऱ्या जमिनीत. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. काळ्या जमिनीत जोमात येणारं पीक मुरमाड जमिनीत धरतच नाही. १९८० मध्ये इयन हार्ट आणि आयझेया फिडलर यांनी उंदरांच्या शरीरात दुसऱ्याच जागी फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंडाचे तुकडे बसवले आणि रक्तात मेलानोमाच्या पेशी सोडल्या. फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी झाल्या, मूत्रपिंडाच्या नाही. रक्त तिघांकडेही जात होतं.

यकृताची जमीन या पेशींना मानवते याची कारणं एकाहून जास्त. तिथल्या केशवाहिन्यांचं अस्तर छिद्रांचं असतं आणि त्याखाली इतर अवयवांसारखा घट्ट थर नसतो, त्यामुळे पेशीला बाहेर पडणं सोपं. यकृत स्वतःसाठी वाढीचे जे पदार्थ तयार करतं, त्यांना पकडणारे रेणू डोळ्याच्या मेलानोमाच्या पेशींवर असतात. आणि वर सांगितलेली पकड.

‘सुई लावली की पसरतो’ याबद्दल

नागपूरच्या कुठल्याही कॅन्सर ओपीडीबाहेर बसा, हे वाक्य कानावर येईल. गाठीला हात लावू देऊ नका, सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणतात. या भीतीपायी लोक महिनोन्‌महिने बायोप्सी टाळतात आणि त्या काळात डाग खोल जात राहतो.

फिडलर यांनी १९७० मध्ये उंदरांच्या रक्तात मेलानोमाच्या पेशी थेट टोचून मोजणी केली. २४ तासांनी हजारात एकही पेशी धड जिवंत नव्हती. म्हणजे सुईने रक्तात सोडलेल्या पेशीही बहुतेक मरतात. रक्तात पोचणं हा पसरण्यातला सोपा भाग आहे. प्रवाहाचा दाब, प्रतिकारपेशी, वाहिनीच्या भिंतीला धरणं, बाहेर पडणं, परक्या जागी जगण्याचे निरोप मिळवणं, हे सगळं साधलं तरच गाठ होते. त्वचेच्या डागाची बायोप्सी केल्याने माणसाचं आयुष्य कमी होत नाही. उलट, तिच्याशिवाय ब्रेस्लो जाडीही कळत नाही आणि पुढचं काहीच ठरत नाही.

पकडच सोडवली तर?

साहजिक सुचणारी गोष्ट: ज्या रेणूने पेशी धरते तोच औषधाने बंद करायचा. अल्फा-व्ही-बीटा-३ वर एटारासिझुमॅब नावाची प्रतिपिंडं तयार झाली, पसरलेल्या मेलानोमात तपासली गेली, आणि म्हणावा तसा फायदा दिसला नाही. याच इंटेग्रिनवरचं सिलेन्जिटाइड मेंदूच्या कॅन्सरमध्ये अपयशी ठरलं. एक इंटेग्रिन बंद केलं की पेशी दुसऱ्याने काम भागवते, हे एक कारण. आणि मला जास्त पटणारं दुसरं: औषध सुरू होतं तेव्हा पेशी केव्हाच पोचून रुजलेल्या असतात. पकड रोखण्याची वेळ निघून गेलेली असते.

डोळ्याच्या बाबतीत याचा सज्जड पुरावा आहे. अमेरिका-कॅनडात झालेल्या मोठ्या चाचणीत मध्यम आकाराच्या मेलानोमाच्या काही रुग्णांचा डोळा काढला, तर काहींच्या डोळ्यावर किरणोत्सारी आयोडीनची चकती बसवून डोळा वाचवला. बारा वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांतल्या मृत्यूंत अर्थपूर्ण फरक नव्हता. ज्यांच्या बाबतीत पेशी निघायच्या होत्या, त्या उपचाराआधीच निघून गेल्या होत्या. म्हणून डोळा वाचवता येत असेल तर तो उगाच काढत नाहीत. अशा चकत्या रुथेनियम-१०६ च्याही असतात, आणि त्या आता मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशात तयार केल्या आहेत.

पसरलेल्या आजारावरचे अलीकडचे उपचार दुसऱ्या दिशेने आले. त्वचेच्या मेलानोमात प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणाऱ्या औषधांनी २०११ पासून चित्र बदललं. डोळ्यातल्या मेलानोमावर ती फारशी चालत नाहीत. त्यासाठी २०२२ मध्ये अमेरिकेत टेबेन्टाफस्प मंजूर झालं. हे औषध एका टोकाने कॅन्सरच्या पेशीला आणि दुसऱ्या टोकाने टी-पेशीला, म्हणजे एका प्रतिकारपेशीला, धरतं. निसर्गाची पकड सोडवणं जमलं नाही, तर माणसाने स्वतःची नवी पकड घडवली! मात्र ते एका विशिष्ट एचएलए प्रकाराच्या लोकांनाच लागू पडतं (एचएलए म्हणजे पेशींवरची, माणसागणिक बदलणारी ओळखखूण). यकृताच्या धमनीतूनच केमो देऊन, ते रक्त बाहेर गाळून घेण्याची पद्धतही २०२३ मध्ये मंजूर झाली.

तळपाय आणि डोळा, दोन्ही पाहा

आपल्याकडे तळपायावरचा काळा डाग भोवरी समजून ब्लेडने तासतात, त्यावर बिब्बा लावतात. बिब्ब्याने कातडी भाजून काळी पडते आणि खाली काय आहे ते डॉक्टरलाही नीट दिसत नाही. गायक बॉब मार्ले यांचा मेलानोमा १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सापडला; १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते गेले. तळव्यावरचा डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या होताहेत, रंग एकसारखा नाही, भरत नसलेली जखम आहे, नखातली काळी रेघ रुंद होऊन भोवतालच्या कातडीवर उतरतेय, यातलं काहीही असलं तर नागपुरातलं मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स किंवा जवळचा त्वचारोगतज्ज्ञ, कुठेही दाखवा, पण काही लावून डाग झाकण्याआधी दाखवा.

डोळ्यातला मेलानोमा बरेचदा काहीच जाणवू देत नाही. कधी नजर धूसर होते, प्रकाशाची चमक दिसते, एका बाजूला सावली येते. डोळ्यात औषध टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासला तरच तो सापडतो. मधुमेह्यांना वर्षातून एकदा ही तपासणी सांगतातच. चष्म्याचा नंबर काढताना ती होत नाही.

आणि उपचार झाल्यावरचं. फिनलंडमध्ये डोळ्याच्या मेलानोमाच्या रुग्णांचा ३५ वर्षं मागोवा घेतला गेला. ५ वर्षांत ३१ टक्के याच आजाराने गेले होते, १५ वर्षांत ४५, आणि ३५ वर्षांत ५२ टक्के. यकृतात पोचलेल्या पेशी कितीतरी वर्षं न वाढता पडून राहू शकतात. चकती बसवायला हैदराबाद-मुंबई गाठावी लागली तरी यकृताची सोनोग्राफी किंवा एमआरआय नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतही होतो. तो डॉक्टर सांगतील तितक्या वर्षं, सांगतील तितक्या अंतराने करत राहायचा. जाताना डोळ्याची जुनी फाईल सोबत न्यावी. पोटाची सोनोग्राफी करणाऱ्याला बारा वर्षांपूर्वीच्या डोळ्याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय यकृतातल्या छोट्याशा ठिपक्याकडे त्याने तशा नजरेने पाहायचं काही कारण नसतं.